येन्स ब्यर्नेबू यांचे समग्र साहित्य : वर्षभराच्या वाचनाची सुरुवात कोणत्या पुस्तकाने करावी?

प्रश्न : मंगळवार पेठ, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. आमचा सात जणांचा एक वाचनगट आहे आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही एका सभासदाच्या घरी जमतो. एका वर्षात एकाच लेखकाचे शक्य तितके सगळे लेखन वाचायचे, अशी आमची रीत आहे. यंदा मी नॉर्वेचे कादंबरीकार, कवी आणि नाटककार येन्स ब्यर्नेबू (१९२०–१९७६) यांचे नाव सुचवले. त्यांच्या ‘पाशवीपणाचा इतिहास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबरीत्रयीचे, म्हणजे ‘स्वातंत्र्याचा क्षण’ (१९६६), ‘दारूकोठार’ (१९६९) आणि ‘स्तब्धता’ (१९७३) यांचे इंग्रजी अनुवाद मी वर्षभर खटपट करून जमवले आहेत. शीर्षकांची ही मराठी रूपे माझी आहेत. ‘दारूकोठार’ म्हणजे पन्हाळ्यासारख्या गडावर असते तसे तोफेच्या दारूचे कोठार, हे येथे सांगून ठेवतो.

पहिल्याच बैठकीत अडचण उभी राहिली. दोन सभासदांनी पहिल्या कादंबरीची साठेक पाने वाचून पुस्तक परत केले. त्यांचे म्हणणे असे की हा लेखक माणसाने माणसावर केलेल्या अत्याचारांची जंत्री देतो आणि ती वाचून मनात ग्लानीखेरीज काही उरत नाही. तिसऱ्या सभासदाने आक्षेप घेतला की ज्यांच्या ‘विनावस्त्र’ (१९६६) या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला चालला, जी नॉर्वेत जप्त झाली आणि १९६७ मध्ये ज्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयातही लेखक दोषी ठरले, त्यांच्यावर वर्ष घालवण्याचे कारण काय? मला स्वतःला ही त्रयी फार मोठी वाटते. परंतु ती मोठी का आहे, हे मला त्या बैठकीत नीट मांडता आले नाही, आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. ज्यांनी हे लेखन वाचले आहे त्यांनी कृपया सांगावे : सुरुवात कोठून करावी, आणि समग्र वाचण्याचा आग्रह धरावा की त्रयीपुरते थांबावे?

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

आपण त्रयीपासून सुरुवात केलीत, तेथेच गाडी अडली असे मला वाटते. ब्यर्नेबू यांना त्या काळोखापर्यंत पोहोचायला पंधरा वर्षे लागली, आणि वाचकाला मात्र आपण पहिल्या दिवशीच तेथे नेऊन सोडले. सुरुवात ‘योनास’ (१९५५) या कादंबरीने करा. तिचा इंग्रजी अनुवाद ‘द लीस्ट ऑफ दीज’ या नावाने १९५९ मध्ये निघाला होता. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांकडे अधूनमधून दिसतो.

योनास हा चांगल्या बुद्धीचा, पण ज्याला अक्षरे लागत नाहीत असा मुलगा आहे. शाळेच्या दृष्टीने तो मंद ठरतो, आणि मंद मुलांसाठी असलेल्या ज्या शाळेचे नाव काढताच मुलांच्या अंगावर काटा येतो, तेथे त्याची रवानगी होण्याची वेळ येते. हे सारे लिहिताना लेखक स्वतः शिक्षक होते. ओस्लो येथील रुडॉल्फ स्टायनर शाळेत त्यांनी १९५० ते १९५७ या काळात शिकवले. पुस्तक आले तेव्हा नॉर्वेच्या शालेय व्यवस्थेविषयी मोठा वाद पेटला, कारण त्यात दोष कोणा एका दुष्ट गुरुजीवर ढकललेला नाही. मुलांची प्रतवारी लावून नको असलेली बाजूला काढण्याची जी शांत, कागदोपत्री, सभ्य रीत असते, तिच्याकडे लेखकाने बोट दाखवले आहे.

येथे मला माझा एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. मी पूर्वी ज्या शाळेत होते तेथे चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. उभे राहून धडा वाच म्हटले की तो घडाघडा वाचत असे. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी त्याच्या बाकाशेजारी उभी होते, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याचे बोट भलत्याच ओळीवर फिरत आहे. शेजारच्या मुलांचे ऐकून ऐकून संपूर्ण पुस्तक त्याने तोंडपाठ केले होते. परीक्षेत अर्थातच कोरा कागद. शिक्षकांच्या खोलीत त्याला ‘ढ’ म्हणत. मीही म्हटले होते. डिस्लेक्सिया हा शब्द मला त्यानंतर कितीतरी वर्षांनी कळला. ‘योनास’ वाचताना मी दोन वेळा पुस्तक मिटून ठेवले, कारण एवढे मोठे पाठांतर करणाऱ्या मुलाला आम्ही मठ्ठ ठरवले होते, हे मला नव्याने दिसले.

हे अशासाठी सांगितले की त्रयीतला प्रश्नही हाच आहे. कोणत्या माणसाचे काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार काही माणसांना कोणी दिला? वर्गात हा प्रश्न एका मुलाच्या बाबतीत पडतो, पुढे तुरुंगाच्या बाबतीत, नंतर वधस्तंभाच्या आणि शेवटी संपूर्ण खंडांच्या बाबतीत. त्यांची पहिली कादंबरी ‘कोंबडा आरवण्यापूर्वी’ (१९५२) नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांविषयी आहे, आणि तिच्यातला डॉक्टर घरी प्रेमळ कुटुंबवत्सल गृहस्थ आहे. म्हणजे सुरुवातीपासून या लेखकाचे लक्ष राक्षसाकडे नव्हते. नीटनेटके कपडे घालून कामावर जाणाऱ्या माणसाकडे होते. म्हणून समग्र वाचा. नुसती त्रयी वाचली तर हा लेखक केवळ रागावलेला दिसतो. आधीचे वाचले म्हणजे तो राग कोणाच्या कळवळ्यातून आला, ते समजते.

उत्तर २ : एक वकील, कसबा बावडा

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र ‘स्वातंत्र्याचा क्षण’विषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण तिचा निवेदक माझ्या रोजच्या परिचयातला आहे. आल्प्स पर्वतातील एका काल्पनिक संस्थानात, हायलिगेनबर्ग नावाच्या गावी, हा माणूस न्यायालयात कनिष्ठ चाकरीला आहे. स्वतःचे नावही तो विसरला आहे. न्यायाधीशांची आणि न्यायासनाची व्यवस्था ठेवायची, समोर चाललेले पाहायचे, आणि रात्री खोलीवर जाऊन माणसाच्या क्रौर्याची नोंदवही लिहायची, असा त्याचा दिनक्रम आहे. इंग्रजी अनुवादात त्याच्या पदाला ‘न्यायाचा सेवक’ अशा अर्थाचे शब्द आहेत. मराठीत ते भारदस्त वाटतात आणि पद मात्र निसटते. तो कोर्टातला पट्टेवाला आहे. आपल्याकडे पुकारा करणारा, बस्ते उचलणारा, साहेबांचे पाणी भरून ठेवणारा जो माणूस दाराशी उभा असतो, तो. आपल्या बैठकीत हा एक शब्द बदलून वाचून पाहा; निवेदन जवळचे वाटू लागते.

जंत्रीच्या आक्षेपाविषयी. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले, तेव्हा आम्हा वकिलांच्या डोळ्यांत पाणी होते, कारण त्यासाठी येथे अनेक वर्षे लढा झाला होता. न्याय जवळ यावा, ही माणसाची खरी भूक आहे, आणि ती मी रोज पाहतो. तितक्याच नियमितपणे मी कळंबा कारागृहात अशिलांना भेटायला जातो, आणि तेथे हेही पाहतो की सुनावणीची तारीख पुढे गेली, हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो. त्या पट्टेवाल्याला हीच सहजता सहन होत नाही. नोंद ठेवणे हा त्याचा रोग नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. कारण ज्या कचेरीत तो काम करतो ती निकालांची नोंद ठेवते, निकालाने मोडलेल्या माणसाची ठेवत नाही. ‘दारूकोठार’मध्ये तोच निवेदक फ्रान्समधील एका मनोरुग्णालयात रखवालदारासारखे काम करतो. तेथे व्याख्याने होतात : निवेदक स्वतः चेटकिणींवरील खटल्यांविषयी बोलतो, आणि रुग्ण म्हणून दाखल असलेला एक जल्लाद देहदंडाच्या इतिहासाविषयी. ते दुसरे व्याख्यान वाचल्यानंतर फाशीविषयीचे माझे मत पूर्वीसारखे राहिले नाही.

‘स्तब्धता’ आफ्रिकेच्या उत्तर भागात घडते आणि युरोपने इतर खंडांवर काय केले, हा तिचा विषय आहे. कोलंबसाशी, फ्रेंच राज्यक्रांतीतील रोब्सपिअरशी आणि खुद्द देवाशी निवेदकाचे संवाद तिच्यात आहेत. लेखकाने तिला ‘प्रतिकादंबरी आणि अगदी शेवटची नोंदवही’ असे उपशीर्षक दिले आहे. कोल्हापूरच्या वाचकाला हा भाग परका वाटू नये. ३१ जुलै १८५७ रोजी येथील २७ व्या पलटणीने उठाव केला, पकडलेल्या शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले, आणि पुढे चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवले. ते तेथेच वारले. युरोपच्याच एका लेखकाने युरोपचा असा हिशेब मांडावा, याचे मोल आपल्याला अधिक कळले पाहिजे.

उत्तर ३ : हौशी रंगकर्मी, शिवाजी पेठ

नाटके वगळू नका, एवढी विनंती. ‘पक्षिप्रेमी’ (१९६६) हे नाटक मी इंग्रजीत वाचले आहे. इटलीतील एका गरीब गावात काही जर्मन पक्षिप्रेमी येतात. गावकरी लहान पाखरे मारून खातात, हे त्यांना असह्य होते. गावात पक्ष्यांसाठी अभयारण्य करावे, पर्यटक येतील, पैसा येईल, असा त्यांचा प्रस्ताव असतो. युद्धकाळात जर्मनांविरुद्ध लढलेले गावातले काही जण त्यांच्यापैकी दोघांना ओळखतात : आपला छळ करणारे ते हेच. मग खटला भरायचा की अभयारण्य स्वीकारायचे, या पेचावर नाटक उभे राहते, आणि पैशाच्या बाजूने पारडे कसे झुकत जाते, हे प्रेक्षक डोळ्यांनी पाहतो. त्यात गाणी आहेत, आणि ती ब्रेख्तच्या रीतीने प्रसंग थांबवून प्रेक्षकाला विचार करायला लावतात. संगीत नाटकाची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे जड जाणार नाही. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली त्या रात्री आम्ही रस्त्यावर उभे राहून रडलो. तेव्हापासून त्या रंगमंचावर पुन्हा काय करायचे, याची माझ्या मनात जी यादी आहे, तिच्यात हे नाटक आहे.

‘सेमेलवाइस’ (१९६८) हे त्याच नावाच्या डॉक्टरांवरील नाटकही वाचा. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४६ साली डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात ११.४ टक्के बाळंतिणी दगावत होत्या आणि सुईणींच्या कक्षात २.८ टक्के. शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुवावेत, हा नियम सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये घातला आणि १८४८ साली डॉक्टरांच्या कक्षातले प्रमाण १.२७ टक्क्यांवर आले. तरीही वरिष्ठांनी त्यांना मानले नाही, आणि १८६५ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. राजारामपुरीच्या ताईंनी म्हटलेली ‘सभ्य रीत’ येथे पांढऱ्या कोटात दिसते.

उत्तर ४ : शाहूपुरी

मी थोडे विरुद्ध लिहितो. समग्र वाचण्याचा आग्रह मला पटत नाही. ‘विनावस्त्र’वरील बंदी चुकीची होती, असे मी ठामपणे मानतो, पण बंदी चुकीची म्हणून पुस्तक चांगले ठरत नाही, आणि ते त्यांच्या सर्वांत दुबळ्या लेखनापैकी आहे. ‘अधिक कठोर आकाशाखाली’ (१९५७) या कादंबरीत त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर, जर्मनांना साथ देणाऱ्यांवर नॉर्वेत चाललेल्या देशद्रोहाच्या खटल्यांवर टीका केली. खटल्यांत अन्याय झाले असतील, तरी जर्मनांच्या ताब्यात ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांना त्या वेळी ते किती लागले असेल, याचा विचार तिच्यात मला कमी दिसतो. त्याऐवजी मी ‘शार्क’ (१९७४) सुचवेन. १८९९ साली मनिलाहून मार्सेयकडे निघालेल्या ‘नेप्च्यून’ या शिडाच्या जहाजाची ती कथा आहे. निवेदक दुसरा अधिकारी पेडर येन्सन, खलाशी अनेक देशांचे आणि वर्णांचे, जहाजावर बंड आणि नंतर जहाजाचा नाश. लेखक स्वतः क्रिस्तियानसान या बंदराच्या गावचे, जहाजमालकाचे पुत्र, आणि तरुणपणी समुद्रावर गेलेले. ती शेवटची कादंबरी; दोन वर्षांनी, ९ मे १९७६ रोजी, त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. एवढे क्रौर्य लिहून झाल्यावर त्यांनी बुडत्या जहाजावरच्या माणसांना एकमेकांना धरून राहायला लावले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री ही उत्तरे मी ज्यांनी पुस्तक परत केले त्या दोघांना फोनवर वाचून दाखवली. पट्टेवाल्याचा परिच्छेद ऐकून त्यांपैकी एकाने पुस्तक परत मागितले आहे. आता क्रम असा ठरला आहे : प्रथम ‘योनास’, मग दोन्ही नाटके, दिवाळीनंतर त्रयी, आणि अखेरीस ‘शार्क’. शाहूपुरीच्या सरांचे मत मानून ‘विनावस्त्र’ सोडून देत आहोत. देशद्रोहाच्या खटल्यांविषयीची कादंबरी मात्र मी स्वतःपुरती वाचीन, कारण ज्या पुस्तकाने लेखकाने आपल्याच बाजूची माणसे दुखावली, ते टाळणे मला बरोबर वाटत नाही. ‘राख, वारा आणि माती’ (१९६८) या संग्रहातील जी गीते हाती लागतील, ती प्रत्येक बैठकीच्या प्रारंभी एकेक वाचू.

पहिल्या बैठकीत ‘योनास’ची सुरुवातीची प्रकरणे मोठ्याने वाचायची आहेत, आणि ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांच्यासाठी मी परिच्छेदागणिक मराठीत सांगणार आहे. ताई, राजारामपुरीहून मंगळवार पेठ काही दूर नाही. त्या शनिवारी आपण याल का, आणि वाचन सुरू होण्यापूर्वी त्या चौथीतल्या मुलाविषयी आम्हाला स्वतः सांगाल का?