शब्दचर्चा : फोबिया, भयगंड, दुर्भीती की नुसती भीती?

प्रश्न

मानसिक आरोग्यावरील एका माहितीपत्रकाचे मराठी लेखन तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. ‘फोबिया’ या संज्ञेसाठी मूळ लेखकाने सर्वत्र ‘भयगंड’ हा शब्द वापरला आहे. एका सहकाऱ्यांनी ‘दुर्भीती’ सुचवला आहे, जो हिंदीतील मानसशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी दिसतो. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, लोकांना ‘भीती’ कळते, मग दुसरा शब्द हवाच कशाला? ‘मला पालीची भीती वाटते’ आणि ‘मला पालीचा फोबिया आहे’ या दोन वाक्यांच्या अर्थांत खरोखर फरक आहे का, आणि असल्यास तो दाखवणारा नेमका शब्द कोणता, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

फरक आहे, आणि तो केवळ भीतीच्या तीव्रतेचा नाही. म्हणून आधी संकल्पना स्पष्ट करून घेऊ, शब्दाकडे नंतर येऊ.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. तिच्यात विशिष्ट गोष्टीच्या फोबियासाठी जे निकष दिले आहेत, त्यांचा मराठीत सारांश असा होईल : एखादी ठरावीक वस्तू किंवा परिस्थिती समोर आली की जवळजवळ प्रत्येक वेळी तत्काळ भीती उसळते, ती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि त्या माणसाच्या सामाजिक परिस्थितीच्या मानाने फार मोठी असते, ती गोष्ट माणूस टाळतो किंवा अतिशय त्रास सोसून तिला सामोरा जातो, हे साधारणतः सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ चालते, आणि त्यामुळे त्याच्या कामात, नात्यांत किंवा रोजच्या व्यवहारात अडथळा येतो किंवा त्याला मोठा मनस्ताप होतो. या सर्व निकषांत मला ‘टाळणे’ हे क्रियापद सर्वांत महत्त्वाचे वाटते. पाल दिसली की किंचाळणारा माणूस आणि भिंतीवर एकदा पाल दिसली म्हणून त्या स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल न ठेवणारा माणूस, या दोघांच्या छातीतील धडधड कदाचित सारखीच असेल. पण दुसऱ्याचे आयुष्य त्या भीतीने आखून दिलेल्या रेषांमधून चालते.

‘प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने’ हे शब्दही नजरेआड करता येणार नाहीत. पावसाळ्यात रात्री मोटर सुरू करायला विजेरी घेऊन, काठी आपटत बांधावरून जाणारा शेतकरी सापाला भितो, पण तो फोबिया नव्हे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आहेत, आणि २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्या शेतकऱ्याची भीती ही शहाणी सावधगिरी आहे. उलट, पुस्तकातील सापाचे चित्र असलेले पान उलटताही येत नाही, आणि म्हणून मुलांच्या अभ्यासाचे ते पुस्तकच घरातून बाहेर ठेवावे लागते, अशी अवस्था असेल तर तिला वेगळ्या नावाची गरज आहे.

आता शब्द. ‘फोबिया’ हा ग्रीक ‘फोबॉस’वरून आला. होमरच्या महाकाव्यांत त्या शब्दाचा रोख घाबरून पळ काढण्याकडे आहे, म्हणजे ‘टाळणे’ त्याच्या मुळातच आहे. वैद्यकातील त्याचा सर्वांत जुना ठळक उपयोग मात्र मनोविकारासाठी झालेला नाही. पिसाळलेले कुत्रे चावल्यानंतर रोग्याला पाणी गिळणे अशक्य होते आणि पाणी समोर आले तरी घशाला आचके येतात, त्या लक्षणाला रोमन काळापासून ‘हायड्रोफोबिया’ म्हणत आले आहेत. सुश्रुतसंहितेत याच लक्षणाला ‘जलत्रास’ असे नाव असून ते मरणसूचक मानले आहे. मनोविकारांसाठी हा प्रत्यय खऱ्या अर्थाने रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बर्लिनचे कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ साली मोकळे चौक आणि रस्ते ओलांडताना धास्तावणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून ‘अगोराफोबिया’ हे नाव दिले, आणि काही वर्षांतच बंदिस्त जागेच्या भीतीसाठी ‘क्लॉस्ट्रोफोबिया’ आले.

‘भयगंड’बद्दल माझा आक्षेप असा आहे. ‘न्यूनगंड’, ‘अहंगंड’ या शब्दांमुळे मराठी वाचकाच्या मनात ‘गंड’ म्हणजे स्वभावात मुरलेली, माणसाच्या सगळ्या वागण्याला वळण देणारी गाठ, असा अर्थ बसला आहे. फोबिया असलेल्या माणसाची गोष्ट बहुधा तशी नसते. उंच इमारतीच्या गच्चीवर पाय ठेवू न शकणारी स्त्री कचेरीत, घरात, भांडणात, संकटात विलक्षण धीराची असू शकते. शिवाय वृत्तपत्रीय लेखनात ‘भयगंड’ हा शब्द संशयी वृत्ती आणि असुरक्षितता यांसाठीही सढळ वापरला जातो. ‘दुर्भीती’ त्या मानाने नेमका आहे, पण ‘दुर्बुद्धी’, ‘दुर्गुण’, ‘दुर्वर्तन’ यांच्या शेजारी तो बसतो आणि रुग्णाकडे काही नैतिक दोष असल्याची छाया त्याच्यावर पडते. माहितीपत्रक ज्याच्या हाती पडणार, तो माणूस आधीच ‘भित्रा’ हे विशेषण ऐकून ऐकून खचलेला असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मराठीत भीतीच्या छटा दाखवणारे शब्द किती बारकाईने घडले आहेत, तेही या निमित्ताने पाहायला हवे, कारण पत्रकाला त्यांचाच खरा उपयोग होईल.

‘धास्ती’ पुढे घडणाऱ्या गोष्टीची असते आणि ‘धसका’ घडून गेलेल्या गोष्टीचा घेतला जातो. ‘दचकणे’ क्षणापुरते असते. ‘बिचकणे’ आणि ‘बुजणे’ यांत मागे सरणे असते. सर्वांत बोलका प्रयोग ‘भीती बसणे’ हा आहे. ‘लहानपणी विहिरीत पडला, तेव्हापासून त्याला पाण्याची भीती बसली’, असे आपण म्हणतो तेव्हा ती भीती बाहेरून आली, आत येऊन बसली आणि अजून उठलेली नाही, इतके सगळे दोन शब्दांत सांगून जातो.

भीती कशी बसते, याचे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी १९७७ साली तीन मार्ग सांगितले : स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याला घाबरताना पाहणे आणि सांगोवांगी मिळालेली माहिती. पहिल्याला आपल्याकडे ‘धसका’ आहेच. तिसऱ्याला ‘भीती घालणे’ आहे, बागुलबुवा आहे, ‘झोप नाहीतर डॉक्टरांना सुई टोचायला सांगेन’ हे अनेक घरांत आजही उच्चारले जाणारे वाक्य आहे. दुसरा मार्ग तेवढाच परिणामकारक आहे, पण त्यासाठी वेगळा शब्द मला आठवत नाही. झुरळ पाहून खुर्चीवर चढणाऱ्या आईकडे पाहत वाढलेल्या मुलाला झुरळाबद्दल काही सांगावेच लागत नाही. अर्थात, कित्येकांना अशी कोणतीही घटना आठवत नाही, म्हणून ‘लहानपणी काय घडले होते?’ असा तगादा रुग्णामागे लावण्यात अर्थ नसतो.

झुरळ आणि पाल यांच्या बाबतीत आणखी एक शब्द विसरता कामा नये, तो म्हणजे ‘किळस’. पाल चावेल असे फारसे कुणाला वाटत नाही. ती अंगावर पडेल, तिचा स्पर्श होईल, याने अंगावर शहारे येतात. भीती आणि किळस यांचे हे मिश्रण कीटकांच्या आणि लहान प्राण्यांच्या फोबियात संशोधकांनाही वारंवार आढळले आहे. ‘ती काही करत नाही ग, तुलाच घाबरून पळते’, हा उपदेश म्हणूनच वाया जातो, कारण तो धोक्याबद्दल बोलतो आणि शिसारीला हातही लावत नाही.

व्याकरणाचा एक मुद्दा सांगतो. ‘तो उंचीला भितो’ या वाक्यात भिणे ही त्याची कृती होते, ‘त्याला उंचीची भीती वाटते’ या वाक्यात भीती त्याच्यापर्यंत येते, आणि ‘तो भित्रा आहे’ असे म्हटले की तो त्याचा स्वभावच ठरतो. माझी सूचना अशी की, पत्रकात दुसऱ्या प्रकारची वाक्यरचना कटाक्षाने ठेवावी आणि तिसरी कुठेही येऊ देऊ नये.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आणखी दोन ठिकाणी अडचण आहे. रक्त किंवा सुई पाहून जे बेशुद्ध होतात, त्यांच्यासाठी लेखकाने ‘अतिभीतीमुळे कोसळणे’ असे लिहिले आहे. आणि चारचौघांत बोलण्याच्या भीतीला ‘लाजाळूपणाचा विकार’ म्हटले आहे. हे योग्य आहे का?

प्रतिसाद

दोन्ही बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्ताच्या आणि सुईच्या फोबियाची शारीरिक प्रक्रिया इतर सर्व फोबियांहून वेगळी आहे. कुत्रा किंवा उंची यांच्या भीतीत नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि तो वाढलेलाच राहतो; अशा वेळी माणसाला आपण कोसळू असे वाटते, पण तो सहसा कोसळत नाही. रक्त पाहिल्यावर मात्र नाडी व रक्तदाब आधी थोडे वर जातात आणि मग एकदम खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडते आणि भोवळ येते. याला मराठीत ‘भोवळ’ किंवा ‘घेरी’ हे नेमके शब्द असताना ‘कोसळणे’ कशाला लिहावे? या प्रकाराचे परिणामही जिवाशी खेळणारे असतात. मधुमेही माणूस इन्सुलिन लांबणीवर टाकतो, रक्ततपासणी टळते, लस राहून जाते, दात किडून सुजेपर्यंत दंतवैद्याचे दार दिसत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘एवढा मोठा झालास आणि सुईला घाबरतोस?’

उपायही यामुळेच वेगळा आहे, आणि पत्रकात तो जरूर द्यावा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान अस्ट यांनी विकसित केलेल्या तंत्रात हात, पाय आणि पोट यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवू लागली की ते सोडायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि असे पाच वेळा करायचे. त्यामुळे रक्तदाब टिकतो आणि भोवळ टळते. ज्या हातात सुई टोचायची असेल तो तेवढा सैल ठेवावा. ‘अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे’ हा इतर भीतींत चालणारा सल्ला इथे उलटा पडू शकतो.

चारचौघांतील भीतीबद्दल : १९८० पासून तिला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता आहे आणि हल्ली तिला ‘सामाजिक चिंताविकार’ म्हणतात. मराठीत ‘सभाधीट’ हा सुंदर शब्द आहे, म्हणजे सभेत धीट असणे हा वेगळा गुण आहे आणि तो सर्वांत सारखा नसतो, हे आपल्या भाषेने ओळखले होते. बुजरेपणा, भिडस्तपणा, संकोच हे स्वभावाचे रंग आहेत आणि ते घेऊन माणसे उत्तम आयुष्य जगतात. तोंडी परीक्षेला बसायचे नाही म्हणून जो विद्यार्थी वर्ष सोडून देतो, बढती मिळाल्यावर बैठकीत बोलावे लागेल म्हणून जी बढती नाकारते, लोकांसमोर जेवताना हात थरथरतील म्हणून जे लग्नकार्यांना जाणे सोडतात, त्यांना ‘लाजाळू’ म्हणणे म्हणजे त्यांचे दुखणे नाकारणे होय.

उपचारासाठी एक जुना मराठी प्रयोग मला फार मोलाचा वाटतो : ‘भीड चेपणे’ आणि त्याच धर्तीवर ‘भीती चेपणे’. वर सांगितलेली ‘बसलेली’ भीती हळूहळू, सहवासाने, दाब देत देत चेपते. उपचारपद्धतीचे याहून अचूक वर्णन मला सुचत नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला त्याचे आवडते खाणे देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला, आणि अखेर तो मुलगा सशाला हात लावू लागला. आजही तत्त्व तेच आहे : पालीच्या भीतीत आधी शब्द, मग चित्र, मग चित्रफीत, मग दूरच्या भिंतीवरील पाल, प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबायचे आणि रुग्णाच्या संमतीनेच पुढे जायचे. ‘भीती मोडायची’ म्हणून पोहता न येणाऱ्या मुलाला विहिरीत ढकलणे हे याच्या नेमके उलट आहे. त्याने भीती मोडत नाही, घट्ट बसते. हे वाक्य पत्रकात ठळक अक्षरांत यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद

थोडी पुरवणी. फोबियांच्या ग्रीक नावांच्या ज्या लांबलचक याद्या फिरतात, त्या पत्रकात घालू नयेत. डॉक्टर निदान लिहिताना त्यांतील बहुतेक नावे वापरत नाहीत, प्राणी, निसर्ग, रक्त-सुई-जखम आणि परिस्थिती असे मोजकेच प्रकार मानतात. तसेच ‘होमोफोबिया’ (समलिंगी व्यक्तींविषयीचा), ‘झेनोफोबिया’ (परक्यांविषयीचा) हे शब्द या कुळातील नाहीत. तिथे मराठीत ‘द्वेष’ किंवा ‘तिरस्कार’ असे स्पष्ट लिहावे. ज्याला लिफ्टमध्ये जीव कोंडल्यासारखा वाटतो आणि ज्याला एखाद्या समाजगटाचा तिटकारा आहे, त्या दोघांना एकाच शब्दाखाली आणणे पहिल्यावर अन्याय करणारे आहे.

प्रतिसाद

मूळ प्रश्नावर माझी शिफारस अशी. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात ‘फोबिया’ हा रुळलेला शब्दच ठेवावा, त्याची व्याख्या ‘टाळायला भाग पाडणारी, धोक्याच्या मानाने फार मोठी आणि दीर्घकाळ टिकणारी भीती’ अशी एकदा द्यावी, आणि पुढे ‘उंचीची भीती’, ‘बंदिस्त जागेची भीती’, ‘सुईची भीती’ असे साधे शब्द वापरावेत. बंदिस्त जागेच्या भीतीखाली एमआरआय तपासणीचा उल्लेख अवश्य करावा, कारण साठ-सत्तर सेंटिमीटर व्यासाच्या त्या बोगद्यातून अर्ध्यावर बाहेर येणाऱ्या रुग्णाला ओशाळल्यासारखे होते. तपासणीआधी तंत्रज्ञाला सांगून ठेवले तर तयारीला वेळ मिळतो, हे त्याला माहीत नसते. शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा; ही सरकारी सेवा विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.