भाडं एक, खर्च दुसराच

न्यू जर्सीत पार्टी बोटीचं, म्हणजे माणशी भाडं घेऊन समुद्रात मासेमारीला नेणाऱ्या बोटीचं, भाडं भरूनही शेवटी दीडपट पैसे का जातात, असा प्रश्न पडतो. मुख्य कारण डिझेल. बोटीवर वीस माणसं असोत की साठ, मासे मिळतात त्या वीस-तीस मैल लांबच्या बुडालेल्या जहाजांपर्यंत जाऊन यायला डिझेल जवळपास तेवढंच जळतं. सहापेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बोटीला कोस्ट गार्डच्या तपासण्या असतात, विमा वेगळा. २०२२ मध्ये डिझेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेलं, तेव्हा अनेक बोटमालकांनी मूळ भाडं न वाढवता इंधन अधिभार लावला. माझ्या मते तो जाहिरातीतल्या भाड्यातच धरायला हवा.

म्हणून बुकिंगच्या वेळी फोनवर नीट विचारा: अधिभार किती, रॉडचं भाडं धरलंय का, कार्डावर जादा टक्के लागतात का, मासे साफ करून देण्याचे वेगळे पैसे आहेत का. सर्वांत मोठ्या माशाची पैज ऐच्छिक असते, नाही म्हटलं तरी चालतं.

बचत होते ती शिशात, म्हणजे गळ तळाशी नेणाऱ्या शिशाच्या वजनांत. ब्लॅक सी बास हा मासा पकडताना खडकाळ तळाशी गळ अडकतो, शिसं तुटतं आणि बोटीवर प्रत्येक नगाचे पैसे पडतात. सहा ते दहा औंसांची आठ-दहा वजनं आणि तयार गळ घरूनच न्या. शिसं हलक्या दोऱ्याने बांधा, म्हणजे अडकल्यावर तेवढंच तुटेल, गळ आणि मासा वाचेल.

मेटची, म्हणजे बोटीवरच्या मदतनिसाची, टिप मात्र कापू नका. भाड्याच्या १५ ते २० टक्के, रोख. त्यांची बरीचशी कमाई त्यावरच असते.