गेममध्ये नऊ किलोची लाईन तुटत नाही, खाडीत दोन किलोच्या माशाने तोडली. नक्की चुकतंय कुठे?

रात्रपाळी_गळवाला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा. गेली अडीच वर्षं मी फिशिंग प्लॅनेट हा मासेमारीचा गेम खेळतोय, रोज रात्री जेवण झालं की तासभर तरी. रॉड, रील, लाईन सगळं काय कशाबरोबर जुळतं ते मी तिथेच शिकलो, त्याआधी मला मोनो (एकाच नायलॉन धाग्याची लाईन) आणि ब्रेडेड (विणलेली लाईन) यांतला फरकसुद्धा माहीत नव्हता. या दिवाळीला शेवटी खरा सेट घेतला, सात फुटी स्पिनिंग रॉड, ४००० साईजचं रील, आणि वीस पौंडाची ब्रेडेड म्हणजे साधारण नऊ किलो. मामाचं घर रेवदंड्याजवळ आहे त्यामुळे खाडी हाकेच्या अंतरावर.

दोन रविवार गेलो आणि दोन्ही वेळा मासा लागून लाईन गेली. पहिल्यांदा काय होतं ते दिसलंच नाही, खडकाच्या बाजूला घुसला आणि संपलं. दुसऱ्यांदा मात्र मासा वर आला होता, जिताडा होता, मामा म्हणाला दोन सव्वादोन किलोचा असेल, तोंड हलवत उडी मारली आणि लाईन एकदम ढिली. रडायचाच बाकी होतो मी, इतकं वाईट वाटलं.

गेममध्ये नऊ किलोच्या लाईनवर मी सात आठ किलोचे मासे आरामात काढतो, ताणाचा पट्टा लाल व्हायला लागला की थांबायचं आणि ड्रॅग (म्हणजे रीलचा ब्रेक, किती ओढ बसली की लाईन सुटू द्यायची ते ठरवणारा) कमी करायचा एवढंच. मग इथे दोन किलोच्या माशाला लाईन कशी तुटते? दुकानदाराने बोगस लाईन दिली का? की मीच काहीतरी मूलभूत चुकतोय? ड्रॅग मी बऱ्यापैकी टाईट ठेवला होता कारण बाजूला खडक होते आणि मासा आत जाऊ द्यायचा नव्हता.

खाडीचा_पोरगा

दादा पहिला प्रश्न, तुटलेलं टोक अजून आहे का रीळावर? कापलं नसशील तर नीट बघ आणि सांग कसं दिसतंय. दोन्ही वेळचं आठवत असेल तर दोन्हीचं सांग. लाईन बोगस आहे की नाही ते त्यानंतर बोलू, दहातल्या आठ वेळा लाईनचा दोष नसतो.

रात्रपाळी_गळवाला

दुसऱ्या वेळचं तसंच आहे. टोक स्प्रिंगसारखं वळलंय, डुकराच्या शेपटीसारखी दोन तीन वेटोळी. पहिल्या वेळचं कापून टाकलं पण आठवतंय, टोकाला पिंजलेल्या सुतासारखं झालं होतं आणि हातभर लाईन खरखरीत लागत होती. गरी तिथेच राहिली अर्थात.

खाडीचा_पोरगा

मग उत्तर तूच दिलंस. तुझी लाईन दोन वेगवेगळ्या कारणांनी गेली.

पिंजलेलं टोक म्हणजे घासली. आपल्या खाडीत प्रत्येक दगडाला कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडला लाजवेल अशी. ब्रेडेड म्हणजे पॉलिथिलिनचे बारीक बारीक धागे एकत्र विणलेले, सरळ ओढलं तर प्रचंड ताकद पण ताणलेल्या अवस्थेत धारेवर घासली की एकेक धागा तुटत जातो आणि क्षणात संपते. तू ब्रेडेड थेट गरीला बांधलीस ना? मध्ये लीडर, म्हणजे वेगळ्या लाईनचा टिकाऊ तुकडा, लावला नव्हतास ना? तिथेच घोळ आहे. पुढे दीड दोन हात फ्लोरोकार्बनचा (पारदर्शक प्लास्टिकची लाईन) किंवा जाड मोनोचा लीडर हवाच, तीस चाळीस पौंडाचा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला पण धार असते, हातात धरताना कापतं ते अनुभवलं असेल तर कळेल, नुसती ब्रेडेड त्याच्या तोंडाशी टिकतच नाही.

वेटोळं झालेलं टोक म्हणजे लाईन तुटलीच नाही, गाठ सुटली. घसरत घसरत बाहेर आली म्हणून ती वेटोळी पडली. गाठ कुठली मारली होतीस?

गेममध्ये हे दिसणार कसं? तिथे गाठ मारावीच लागत नाही. लाईन, लीडर, गरी निवडली की सगळं आपोआप जोडलेलं येतं आणि गाठीमुळे लाईनची ताकद कमी होत नाही. खऱ्या पाण्यात तुझी ताकद तुझ्या सगळ्यात वाईट गाठीइतकी. नऊ किलोची लाईन असली तरी गाठ चारला सुटत असेल तर तू चार किलोच्या लाईनवर मासेमारी करतोयस.

रात्रपाळी_गळवाला

क्लिंच नॉट. व्हिडिओ बघून शिकलो, चार वेढे आणि मग टोक फासातून परत.

खाडीचा_पोरगा

मोनोवर ती गाठ उत्तम आहे. नायलॉन थोडं दबतं आणि वेढे एकमेकांत रुततात. ब्रेडेड गुळगुळीत, त्यात चार वेढे पकडच घेत नाहीत. पालोमर शिक, लाईन दुहेरी करून गरीच्या नेढ्यातून काढायची, साधी सैल गाठ मारायची, आणि तो फास पूर्ण गरीवरून ओलांडून आवळायचा. अंधारात पण जमते. ब्रेडेड आणि लीडर जोडायला सुरुवातीला डबल युनी, ब्रेडेडच्या बाजूला आठ तरी वेढे. त्याच जोडासाठीची एफजी नॉट बारीक असते, रॉडच्या कड्यांतून सुळकन जाते, पण ती खाडीवर उभं राहून शिकायची गोष्ट नाही, घरी पंख्याखाली बसून पंचवीस वेळा मार मग ने.

आणि कुठलीही गाठ आवळण्याआधी ओली करायची. थुंकी लाव, पाणी लाव, काहीही. कोरडी आवळली की घर्षणाने गरम होते आणि तिथेच लाईन कमजोर पडते, डोळ्यांना काहीच दिसत नाही.

काठावरचा_काका

मी रत्नागिरीकडचा, गेम वगैरे मला कळत नाही पण मुलगा खेळतो त्यामुळे लाल पट्टा काय ते पाहिलंय. आमच्याकडे याला गरवणं म्हणतात. मी अजूनही रॉड वापरत नाही, लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं आणि गरी एवढाच माझा सरंजाम. माझे वडील सुताची दोरी वापरायचे, ती कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवायचे आणि दर वेळी परत आलं की वाळवायची. नायलॉन जगात आलंच १९३८ च्या सुमाराला, आमच्या वाडीपर्यंत पोचायला आणखी कितीतरी वर्षं गेली. वडील सांगायचे पहिला तंगूस हातात आला तेव्हा सगळ्यांना वाटलं एवढी बारीक दोरी माशाला कशी पेलेल.

आता मुद्द्याचं सांगतो. तंगूस उजव्या हाताच्या तर्जनीवरून सोडलेला असतो. मासा टिचक्या मारतो ते बोटाला कळतं, शिंगाळा ओढून नेतो, बोय नुसती चोखल्यासारखं करते, खेकडा असेल तर जड लागतं पण झटका नसतो. मासा लागला की तो पळतो आणि आपण सोडायचं, बोटाला चटका बसायला लागला की जरा दाबायचं. तुमचा जो ड्रॅग आहे ना तो म्हणजे हे बोट. तू बोट घट्ट मिटून बसलास म्हणून गाठीवर सगळं आलं. खडक आहेत म्हणून ड्रॅग आवळायचा हे चुकीचं, खडक आहेत तर जागा बदलायची किंवा लाईन जाड घ्यायची.

अजून एक, उधाणाच्या पाण्यात, म्हणजे अमावस्या पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, नवख्याने जाऊ नये. पाण्याला ओढ फार असते, शिसं जागेवर राहत नाही आणि लाईन घसटत घसटत दगडात जाते. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते, बघून जा, सप्तमी अष्टमीच्या आसपास. आणि शेवाळलेल्या दगडावर उभं राहून मासा काढायला वाकू नकोस बाबा, मासा परत मिळेल.

लाईन_आणि_बरंच_काही

काकांचा बोटाचा मुद्दा एकदम बरोबर, त्याला आकडे जोडतो कारण मूळ प्रश्न आकड्यांचा होता.

मी पण दोन्ही करतो, गेम पण आणि खरं पण. गेमला नावं ठेवू नका, त्याने खूप चांगल्या सवयी लावल्या, मासा पळत असताना हँडल फिरवायचं नाही ही सगळ्यात मोठी. पण गेममध्ये तू माशाचं वजन आणि लाईनची ताकद यांची तुलना करायला लागतोस आणि ती सवय खाडीत नडते. पाण्यात असताना माशाचं वजन लाईनवर जवळपास येतच नाही, पाणीच त्याला पेलत असतं. लाईनवर येतो तो त्याचा झटका. दोन किलोचा जिताडा डोकं झटकतो तेव्हा क्षणभर किती ताण येईल हे त्याच्या वजनावरून ठरत नाही, समोर किती लवचिकपणा आहे त्यावर ठरतं. मोनो वीस पंचवीस टक्के ताणली जाते, म्हणजे ती स्वतःच शॉक अब्सॉर्बर आहे. ब्रेडेड जवळपास ताणतच नाही. मग झटका घ्यायला उरतो रॉड आणि ड्रॅग, ड्रॅग तू बंद करून ठेवला होतास आणि रॉड सरळ माशाकडे रोखला असशील तर तो पण गेला. राहिली गाठ.

नियम असा की ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. तुझ्यासाठी सव्वादोन ते तीन किलो. अंदाजाने लावू नकोस, शंभर दोनशे रुपयांना सामान तोलायचा हँगिंग काटा मिळतो तो घे, लाईन रॉडच्या कड्यांतून ओवून काट्याला बांध, रॉड कोनात धर आणि कोणालातरी काटा ओढायला सांग. रील सरकायला लागलं की आकडा बघ. पहिल्यांदा मोजशील तेव्हा कळेल की तीन किलो म्हणजे हाताला किती जास्त लागतं.

आणि हे कोणी सांगत नाही, लाईन जसजशी बाहेर जाते तसा स्पूलवरच्या (लाईन गुंडाळायच्या रिळावरच्या) गठ्ठ्याचा व्यास कमी होतो आणि ड्रॅग आपोआप वाढतो, कारण तेवढंच घर्षण आता लहान त्रिज्येवरून ओढायचंय. व्यास निम्मा झाला तर ड्रॅग दुप्पट. मासा लांब पळाला की म्हणून आवळायचं नसतं, उलट जरा सैल करायचं. त्या क्षणी मन नेमकं उलटं सांगतं.

मासा उचलायचा असेल तेव्हा मात्र पूर्ण वजन येतं. दगडावर रॉडने उचलू नकोस, जाळी ठेव.

धरणकाठ

माझं थोडं वेगळं मत आहे. नवीन माणसाला ब्रेडेड द्यायचीच कशाला? मी पुण्याचा, उजनी धरणावर चिलापी माशापासून सुरुवात केली, पहिली दोन वर्षं फक्त मोनो वापरली. स्वस्त, गाठ धरते, चूक झाली तर माफ करते, वाऱ्यात गुंता पण कमी. ब्रेडेडचा गुंता झाला की अख्खं रीळ कापून टाकायची वेळ येते. आता फ्लोरोकार्बनबद्दल पण, पाण्यात दिसत नाही म्हणून महाग विकतात, त्याचं कारण एवढंच की प्रकाश वळवण्याच्या बाबतीत ते नायलॉनपेक्षा पाण्याच्या जवळ आहे, आपल्या गढूळ खाडीत त्याचा किती उपयोग? लीडर म्हणून घासण्याला टिकतं हे मान्य, पण जाड मोनोने पण भागतं.

मोनोचे तोटे पण सांगतो. पाणी शोषते आणि ओली असताना थोडी कमजोर होते, उन्हात ठेवली की वर्षभरात कडक होते. गाडीच्या डिकीत रीळ ठेवू नका. दर सीझनला बदला.

खाडीचा_पोरगा

उजनीत मोनो चालेल, वाहत्या खाडीत नाही पटत मला. तेवढ्याच ताकदीची मोनो खूप जाड असते, पाण्याचा जोर तिच्यावर येतो आणि शिसं दुप्पट लावावं लागतं. लीडरबद्दल मात्र सहमत, चाळीसची मोनो लावून जिताडे काढलेत मी.

दादा अजून एक तपास, स्पूलवर ब्रेडेडच्या खाली थोडी मोनो गुंडाळली होतीस का? नसेल तर अख्खा गठ्ठा स्पूलवर फिरतो, आपल्याला वाटतं ड्रॅग सुटतोय.

काठावरचा_काका

आणि कापलेली लाईन तिथे टाकू नका कोणी, कळकळीने सांगतोय. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या जेटीखाली एक पाणकावळा लटकलेला मिळाला, पंखाला आणि पायाला तंगूस. मी चाकूने सोडवला, पायाची कातडी हाडापर्यंत गेली होती. एक छोटी प्लास्टिकची बाटली खिशात ठेवा, तुकडे त्यात भरा आणि घरी न्या. तुटून पाण्यात राहिली ती राहिली, हातातली तरी टाकू नका.

रात्रपाळी_गळवाला

सगळ्यांना मनापासून थँक्स, तीन आठवड्यांनी उत्तर देतोय कारण आधी सगळं करून बघायचं होतं.

काटा आणला. घरी दाराच्या कडीला गरी अडकवून मेव्हण्याला ओढायला लावलं. माझी क्लिंच नॉट पहिल्यांदा साडेतीन किलोला सुटली, दुसऱ्यांदा चारला, दोन्ही वेळा तीच शेपटी. पालोमर मारली, ओली करून, आठ किलोपर्यंत ओढली तरी हलली नाही, मग मेव्हणाच थांबला. म्हणजे लाईन बोगस नव्हतीच, दुकानदाराबद्दल उगाच मनात आणलं. ड्रॅग मी जिथे ठेवत होतो तिथे मोजला तर साडेसहा किलो निघाला, चारला सुटणाऱ्या गाठीवर. आता अडीचला लावून नॉबवर मार्करने खूण केलीय. स्पूलखाली मोनो नव्हतीच, सगळी काढून परत भरली, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. डबल युनी अजून जाड होते आणि कड्यांत टकटक लागते, एफजी शिकतोय, अकरा वेळा मारून झाली, त्यातल्या नऊ सुटल्या.

काल अष्टमी बघून गेलो. खडकाची बाजू सोडून पुलाच्या अलीकडे वाळूचा पट्टा आहे तिथे उभा राहिलो. पावणेसहाला तांबोशी लागली, पाऊण किलोची असेल, लगेच खाली घुसायला बघत होती, रील करकरलं, मी हँडलला हात लावला नाही. दोनदा गेली आणि परत आली, मामाने जाळी धरली. नंतर लीडर बोटांत धरून बघितला तर गरीपासून वीतभर पूर्ण खरखरीत झाला होता. तेवढा कापून बाटलीत टाकला आणि परत पालोमर मारली.

धरणकाठ

मस्त! आमिष काय लावलं होतंस?

रात्रपाळी_गळवाला

जिवंत कोलंबी, मामाने सकाळी पागून (जाळं फेकून) आणलेली. शेपटीच्या बाजूने टोचली म्हणजे बराच वेळ जिवंत राहते.