घरचं व्हेप ज्यूस: आंबा परफ्युमसारखा का लागतोय?

इंग्लंडात लेस्टरला असतो, सिगरेट सुटून चार महिने झाले, आता व्हेप (ई-सिगरेट) ओढतो. तिच्यात भरायच्या ज्यूसची ६० मिलीची बाटली घरीच करतो: मिलीला १८ मिग्रॅचा १० मिली निकोटीन शॉट (निकोटीनच्या द्रवाची छोटी बाटली), म्हणजे मिलीला ३ मिग्रॅ पडतं. आंब्याचा फ्लेवर ८ टक्के टाकला, तर अत्तर ओढल्यासारखं! बायकोचा केकचा मँगो इसेन्स चालेल का?

— अजिबात नको! तेलातला असला तर फुफ्फुसं जातील. व्हेपिंगचाच, डायअसिटिल (लोण्याच्या चवीचं, फुफ्फुसांना वाईट रसायन) नसलेला फ्लेवर घे. आंबा ४ टक्क्यांवर आण, आठवडाभर कपाटात मुरू दे. लोणचंच समज.

— सिरिंजपेक्षा ०.०१ ग्रॅमचा काटा बरा, ज्यूसमधलं ग्लिसरीन फार चिकटतं. शॉट ओतताना हातमोजे घाल.

— पुण्याला येताना आणू नकोस रे, इथे २०१९ पासून बंदी आहे.

— काटा मागवला. इसेन्स गुपचूप फडताळात परत ठेवला.