मदत हवी आहे: एक्सेलमधल्या ध्रुवावर सोलापूरचा मे महिना

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितो. विज्ञान बारावीलाच सुटलं. लेकीच्या अकरावीच्या प्रकल्पासाठी दोघांनी मिळून एक्सेलमध्ये पृथ्वी मांडली आहे. दर दहा अक्षांशांना एक ओळ, येणारं ऊन, जाणारी उष्णता, शेजारच्या ओळीशी थोडी देवाणघेवाण. तापमान उणे १० अंशांखाली गेलं की ती ओळ बर्फाची. मग ती ६० टक्के ऊन परत फेकते, एरवी ३०. बुडिको आणि सेलर्स या हवामानशास्त्रज्ञांनी १९६९ साली मांडलेल्या गणिताचा हा आमचा गावठी अवतार.

वर्षाची सरासरी धरली तर ऊन कमी करता करता एका टप्प्यावर बर्फ भराभर विषुववृत्तापर्यंत येतो, आणि ऊन पूर्ववत केलं तरी हटत नाही. इथवर ठीक. मग लेकीने बारा महिने वेगळे केले, आस २३.५ अंश कलती ठेवली, आणि पृथ्वी गोठेचना! ती म्हणते, "बाबा, ऋतूंमुळे हवामान सावरतं." मला पटेना. कारण ध्रुवाजवळची ओळ जूनमध्ये ४४ अंश दाखवते. अहो, इथे ४४ झाले की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही! तिकडे तेव्हा चोवीस तास सूर्य, दिवसभराचं ऊन आपल्यापेक्षा जास्त, हे मान्य. पण तरी? सोमवारी प्रकल्प द्यायचाय.

प्रतिसाद १

दादा, तुमच्या ओळींत समुद्रच नाही. सगळी पृथ्वी तवा झालीय, ऊन लागलं की तापली. महासागराला ५० मीटर पाण्याचा थर धरा, उन्हाळा आपोआप मवाळ होईल.

दुसरं, उणे १० हा आकडा वर्षाच्या सरासरीचा. बारमाही बर्फ कुठे टिकतो त्याचा तो अंदाज, म्हणजे उन्हाळा त्यात आधीच धरलेला. महिन्यांच्या हिशेबात तुम्ही तो दोनदा धरलात. जमिनीला शून्य घ्या, समुद्राला उणे २.

लेकीचं म्हणणं मात्र टाकाऊ नाही. हिमयुगाला कडक हिवाळ्यापेक्षा सौम्य उन्हाळा लागतो. आदल्या वर्षीचा बर्फ उरला की साठत जातो. पृथ्वीची आस साधारण ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात २२.१ ते २४.५ अंशांमध्ये डोलते. कल कमी असताना ध्रुवांकडचे उन्हाळे सौम्य होतात. शीटमध्ये तेही करून बघा.

धागाकर्ता

समुद्र घातला, ध्रुव जूनमध्ये ६ अंशांवर आला! पृथ्वीही गोठते आता. आस २२.१ करून रात्री बघतो, लेकीने कॉम्प्युटर सोडला की.