पिस्तुलावर आयर्न साइटच ठेवावी की रेड डॉट बसवावा?

प्रश्न

मी गेली ६ वर्षे ९ मिमी पिस्तुलावर मूळची आयर्न साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर मागे व पुढे असलेल्या धातूच्या खुणा) वापरून क्लबच्या सामन्यांत भाग घेत आहे. वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यापासून हात लांब केल्यावर फ्रंट साइटची कड पूर्वीसारखी रेखीव दिसत नाही. वाचनाचा चष्मा लावला की ती दिसते, पण मग २५ मीटरवरचे लक्ष्य पुसट होते. मागील आठवड्यात एका सहकाऱ्याचे रेड डॉट (काचेत नेमाचा ठिपका दाखवणारे साधन) बसवलेले पिस्तूल हाताळले, तेव्हा ते डोळ्यांसमोर आणल्यावर काचेत ठिपकाच सापडेना, आणि सापडला तेव्हा तो गोल नव्हता, स्वल्पविरामासारखे शेपूट असलेला दिसला. अशा स्थितीत रेड डॉटवर खर्च करावा, की आयर्न साइटवरच अधिक मेहनत घ्यावी? दोन्ही वापरलेल्या नेमबाजांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद १

आपल्या अडचणीचे मूळ नजरेत आहे, आणि रेड डॉटचा खरा उपयोग तिथेच होतो. आयर्न साइटने नेम धरताना रिअर साइट, फ्रंट साइट आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी जुळवायच्या असतात, पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो; म्हणूनच आपल्याला पहिल्या दिवसापासून ‘फ्रंट साइट पाहा, लक्ष्य पुसट राहू द्या’ असे शिकवले जाते. रेड डॉटमध्ये छोट्या एलईडीचा प्रकाश वक्र काचेवरून परावर्तित होऊन जवळजवळ समांतर किरणांच्या रूपात डोळ्यापर्यंत येतो, त्यामुळे ठिपका लक्ष्याइतकाच दूर असल्यासारखा भासतो आणि नजर लक्ष्यावर ठेवता येते. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी झालेल्या नेमबाजाला हा फरक फार मोठा वाटतो.

दुसरा मुद्दा भूमितीचा आहे. पिस्तुलाच्या दोन साइटमधले अंतर साधारण १६ सेंमी धरले, तर त्यांच्या जुळणीत १ मिमीची चूक झाल्यास २५ मीटरवर गोळी सुमारे १६ सेंमी बाजूला जाते. रेड डॉटमध्ये जुळवायला दोन साइटच नसतात. ठिपका काचेच्या मध्यभागी नसला तरी गोळी जवळपास ठिपका असेल तिथेच लागते.

मात्र ट्रिगर दाबण्याची चूक रेड डॉट भरून काढत नाही, ती अधिक स्पष्ट दाखवतो. हाताचा कंप आधीही होताच, आता तो ठिपक्याच्या थरथरण्यातून दिसू लागतो, आणि ठिपका स्थिर होण्याची वाट पाहता पाहता नेमबाज ट्रिगर झटक्यात ओढतो. माझे पहिले दोन महिने याच चुकीत गेले. ठिपका लक्ष्याच्या आत हलत असेल तर त्याला हलू द्यावे आणि ट्रिगरवरचा दाब सारखा वाढवत न्यावा.

ठिपका न सापडणे ही सवयीची बाब आहे. आयर्न साइटमध्ये नळी वर उचलली गेली असेल तर फ्रंट साइट उंच दिसते आणि हात आपोआप सुधारतो. रेड डॉटची काच मात्र अशा वेळी नुसती रिकामी दिसते. त्यावर मला उपयोगी पडलेला सराव असा: पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, भिंतीवरच्या एका बारीक खुणेवर नजर खिळवावी, आणि नजर न हलवता पिस्तूल नजरेच्या रेषेत आणावे. ठिपका शोधायला मान किंवा डोळे हलवले की तो प्रयत्न चुकला असे समजावे. रोज दहा मिनिटे हे केल्यावर मला तो चौथ्या आठवड्यात न शोधता दिसू लागला. पुढे काचेच्या लक्ष्याकडील बाजूवर चिकटपट्टी लावून दोन्ही डोळे उघडे ठेवून सराव केला. तसे केल्यास ठिपक्याकडे पाहत बसण्याची सवय फार लवकर सुटते.

प्रतिसाद २

शेपटीकडे दुर्लक्ष करू नये, कारण असा ठिपका दिसण्याचे सर्वांत सामान्य कारण दृष्टिवैषम्य (डोळ्याची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसणे) हे असते. रिकामे पिस्तूल सुरक्षित दिशेला धरून हळूहळू कलते करून पाहावे: शेपूट पिस्तुलाबरोबर फिरले तर दोष डॉटचा, जागच्या जागी राहिले तर डोळ्याचा. प्रकाश कमी केला की पसरटपणा बराच घटतो, आणि चष्म्यात सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याचा) नंबर योग्य असेल तर आणखी फरक पडतो.

खर्च करण्यापूर्वी आपण कोणत्या गटात खेळता तेही पाहावे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) पिस्तूल स्पर्धांत फक्त उघडी साइट चालते, तर आयपीएससी या प्रॅक्टिकल शूटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत प्रॉडक्शन आणि प्रॉडक्शन ऑप्टिक्स (डॉट चालणारा) असे वेगळे गट आहेत. आयर्न साइट वापरावीच लागणार असेल, तर डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगावे आणि नेमाच्या डोळ्यासाठी त्या अंतराची काच करून घ्यावी. वाचनाच्या चष्म्याचे अंतर त्याहून कमी असते, म्हणून त्यातून लक्ष्य गरजेपेक्षा जास्त पुसट होते.

प्रतिसाद ३

बसवण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. स्लाइडवरचा (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावरचा) डॉट प्रत्येक गोळीबरोबर मागेपुढे आपटतो आणि तो सगळा मार दोन बारीक स्क्रूंवर येतो. एका सामन्यात माझा नेम सारखा डावीकडे जाऊ लागला. मी स्वतःच्या ग्रिपला दोष देत राहिलो आणि शेवटी बोटाने डॉट हलवून पाहिला तर तो चक्क डुलत होता. तेव्हापासून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंतच आवळतो, स्क्रूला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावतो, आणि स्क्रूच्या डोक्यावरून बुडापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे हे लगेच कळते.

काही डॉटमध्ये बॅटरी तळाशी असते, त्यामुळे ती बदलायला डॉट उतरवावा लागतो आणि झीरो (ठिपका आणि गोळी लागण्याची जागा यांची जुळणी) पुन्हा तपासावा लागतो. बाजूने किंवा वरून बॅटरी बदलता येणारा घ्यावा. उंच आयर्न साइट सोबत बसवून घ्यावी, कारण मूळची साइट डॉटच्या बुडामागे झाकली जाते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पिस्तूल कलते करून पाहिले, शेपूट जागेवरच राहिले. म्हणजे दोष माझ्याच डोळ्यात आहे. माझ्या गटात डॉट चालतो, त्यामुळे आधी चष्म्याचा नंबर तपासून मग डॉट घेण्याचे ठरवले आहे. ठिपका ३ एमओएचा (एमओए हे ठिपक्याच्या आकाराचे कोनीय माप) घ्यावा की ६ चा?

प्रतिसाद १

१ एमओए म्हणजे २५ मीटरवर सुमारे ७ मिमी, म्हणून ३ एमओएचा ठिपका तिथे सुमारे २२ मिमी झाकतो आणि ६ चा ४४ मिमी. आपण २५ मीटरवर बारीक नेम धरता, तेव्हा मी ३ चा घेईन. परंतु नवा चष्मा हाती आल्यावर, सहकाऱ्याच्याच पिस्तुलावर, उन्हात आणि सावलीत एकदा पाहून मगच ठरवावे.