मदत हवी आहे: ऑक्सिजनबहुल राक्षसी ताऱ्याच्या मॉडेलमध्ये बीजकणांची संख्या कशी ठरवायची?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी थंड राक्षसी ताऱ्याच्या वातावरणाचं एकमितीय मॉडेल लिहितोय, फोर्ट्रानमध्ये. तारा १ सौरवस्तुमानाचा, तेज सूर्याच्या ५००० पट, तापमान २८०० केल्विन, स्पंदनकाळ मीरा या ताऱ्यासारखा, ३३० दिवसांच्या आसपास. स्पंदन दाखवायला खालच्या सीमेवर दट्ट्या (पिस्टन) सेकंदाला ४ किमी वेगानं वरखाली होतो. त्यातून उठणारे आघात तरंग वायू वर उचलतात, तिथल्या गारव्यात धूळ धरते, प्रारणदाब तिला बाहेर ढकलतो आणि ती टकरींतून वायूला सोबत नेते; हाच ताऱ्याचा वारा.

कार्बन ताऱ्याचं बिनबोभाट झालं. काजळीच ती, मिळेल तो प्रकाश शोषते. घोडं अडलं ऑक्सिजनबहुल ताऱ्यापाशी. सिलिकेटमध्ये लोह ठेवलं तर कण ताऱ्याजवळ तापून उडून जातात, काढलं तर जवळच्या अवरक्त प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक होतात. या ताऱ्याच्या गुरुत्वावर मात करायला दर ग्रॅम वायूमागे साधारण २.६ चौ. सेंमी अपारदर्शकता लागते, नुसत्या शोषणातून ती काही जमत नाही. म्हणून खगोलशास्त्रज्ञ सुझान हॉफ्नर यांनी २००८ मध्ये सुचवलेली वाट धरली: कण ०.१ ते १ मायक्रोमीटरपर्यंत वाढू द्यायचे, मग विकिरणाचा, म्हणजे प्रकाश विखुरण्याचा, रेटाच पुरतो. २०१२ मध्ये डब्ल्यू हायड्रे, आर डोराडस आणि आर लिओनिस या ताऱ्यांभोवती ध्रुवित प्रकाशात ०.३ मायक्रोमीटर त्रिज्येच्या आसपासचे कण सापडलेही.

वारा सुटला. पण कण ज्यांवर वाढतात ती बीजं किती, हा आकडा मी हातानं भरतो. दर हायड्रोजन अणूमागे १०^-१५ ठेवली तर झकास. १०^-१२ ठेवली की सिलिकेटला लागणारं मॅग्नेशियम तेवढंच आणि खाणारी तोंडं हजारपट: कण बारीकच राहतात, विकिरण कोसळतं, उचललेले थर परत खाली येतात. १०^-१७ वर कण गलेलठ्ठ होतात खरे, पण एकूण धूळ अपुरी पडते आणि तोवर वायू विरळ झालेला असतो. मधल्या पट्ट्यात आकडा फिरवला की वाऱ्याचा वेगही फिरतो. हवा तो निकाल काढता येणारं मॉडेल परीक्षकांपुढे कुठल्या तोंडानं ठेवू?

अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ताऱ्याच्या आणखी जवळ, जास्त तापमानाला घट्ट होतं. त्याच्या गाभ्यावर सिलिकेट चढवून पाहिलं. वारा लवकर सुटतो, पण गाभे किती हा प्रश्न तिथंही आहेच.

तर, या संख्येला काही भौतिक आधार देता येतो का? की ती मोकळी ठेवून निरीक्षणांवरून बांधायची? तसं असेल तर कशावरून? कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून मिळणारा वेग आणि वस्तुमान-ऱ्हास पुरे, की स्पंदनाच्या एका आवर्तनात व्ही वजा के रंग (दृश्य आणि अवरक्त पट्ट्यांतल्या तेजांकांतला फरक) कसा बदलतो तेही जुळवावं? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण लोह असलेली आणि नसलेली धूळ तिथं वेगळी दिसायला हवी.

"त्रिमितीय कर" हे उत्तर कृपया नको, सगळं हॉस्टेलमधल्या लॅपटॉपवर चाललंय. इनपुट फाइल पाहायची असेल तर सांगा, इथंच चिकटवतो.